माहेर कुठलं?

फार पूर्वी, बाटल्या एकमेकींशी बोलत तेव्हाची गोष्ट. टेकडीवरच्या द्राक्षबागेत भारी वाईन उरली. एका दुकानदाराने ती घेतली आणि आपलं साधं लेबल चिकटवलं. लग्नात बदलावं तसं बाटलीचं नाव बदललं. बागेचं नाव मात्र कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं.

दुकानात शेजारची, आपल्या बागेचं नाव मिरवणारी चौपट किमतीची सोनेरी बाटली तिला रोज टोचायची, “काय गं, माहेर कुठलं तुझं? की नाहीच?” दिलेल्या शब्दाखातर साधी बाटली गप्प राही.

एकदा चव बघायला दोघींची बुचं निघाली. त्या बागेत वाढलेली गांधीलमाशी दोन्ही पेले हुंगून नाचायलाच लागली. “अगं बायांनो, एकाच पिंपातल्या की तुम्ही! सख्ख्या बहिणी!”

सोनेरीचा चेहरा उतरला. साधी बाटली ताठ मानेनं म्हणाली, “माझं माहेर विचारत होतीस ना, ताई? आता तूच सांग.”