नवरदेवाचा कान आणि दीड अंश

कृष्णाकाठच्या एका गावात एक भोळा होता. नाव रंगराव. सांगितलेलं तो ऐकायचा, एवढीच त्याच्याबद्दल तक्रार होती.

गावात अकरा गतिरोधक. एकही नियमात बसणारा नाही. ज्याच्या दारावरून ट्रॅक्टर जोरात गेला, त्यानं आपापला उभा केलेला. त्यावर कुणी हसत नाही. हसतात ते रंगरावाला, कारण अशा गावात त्यानं स्प्रिंगा कापून गाडी चार बोटं खाली बसवली. दोस्त म्हणाले होते, खाली बसलेली गाडी देखणी दिसते. दिसलीही. पण चाकं वरच्या बाजूनं आत कलली आणि टायर आतल्या कडेनं झिजून गुळगुळीत झाले.

एरवी चाललं असतं. पण रविवारी त्याच्या धाकट्या बहिणीचं, रेवतीचं लग्न होतं आणि नवरदेवाला वेशीवरून मांडवात याच गाडीतून आणायचं होतं. नवऱ्याचा मामा आधीच दोनदा रुसून झाला होता. एकदा चहा गार होता म्हणून, एकदा गरम होता म्हणून. तिसऱ्यांदा रुसलो तर लग्न मोडेन, हे त्यानं स्वतःच जाहीर केलं होतं. त्याला लोक मानी म्हणतात आणि रंगरावाला भोळा.

रेवती भावाला म्हणाली, "दादा, माझ्यासाठी एवढं कर. जे सांगतील तेच कर. आपलं डोकं लावू नकोस."

रंगरावानं मान डोलावली. तो तालुक्याला शौकत मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं समजावलं, की चाकाला धरून ठेवणारी लोखंडी दांडी म्हणजे आर्म, आणि तिच्या सांध्यातलं रबरी कडं म्हणजे बुश. चाक थोडं कललं असेल, तर भोक मधोमध नसून बाजूला असलेला बुश घालून सरळ होतं. दीड अंशाच्या वर कललं असेल, तर लांबी कमीजास्त करता येणारे आर्मच लागतात. आधी मोज, मग ठरव.

रंगराव घरी आला. भाच्याच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला आणि गाडी उभी होती तिथंच मोजलं. गाडी गोठ्याच्या उतारावर होती. सहा अंश भरले. त्यानं आर्मचं खोकं आणलं. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अरे, सपाट जागेवर मोजायचं." सपाट जागेवर सव्वा अंश निघाला. म्हणजे बुशानं भागत होतं. खोकं दुकानदार परत घेईना. वडील, म्हणजे आबा, खोक्याकडे बघून म्हणाले, "हे आता कुणाला बसवणार?"

रंगरावानं खोकं घरात नेऊन ठेवलं. धडा मात्र पक्का बसला.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई रेवतीच्या पोलक्याचं माप घ्यायला आल्या. रंगरावानं त्यांना थांबवलं, सतरंजी अंथरली आणि बहिणीला सरळ आडवी झोपवली. माप सपाट जागेवरच घ्यायचं, मिस्त्री म्हणालेत. पोलकं अंगात जाईपर्यंत रेवतीनं त्याच्याशी अबोला धरला.

मिस्त्रीनं बुश दाबून बसवून दिले. बोल्ट मात्र रंगरावानं घरी आवळले, तेही गाडी जॅकवर उचललेली असताना. गाडी खाली उतरताच रबर पिळलं गेलं आणि कुरकुरायला लागलं. मिस्त्री पुन्हा ओरडला. "वजन आल्याशिवाय आवळायचं नाही."

रंगरावानं बोल्ट सोडले, गाडी खाली घेतली आणि पुन्हा आवळले. कुरकुर थांबली. शनिवारी मांडववाले दोऱ्या ताणू लागले. रंगरावानं त्यांना अडवलं. वजन कुठं आलंय? त्यानं चुलत्याला आणि दोन आचाऱ्यांना शिडी लावून मांडवावर चढवलं. मग आवळा म्हणाला. मांडव खाली आला. आचारी भाताच्या परातीत पडले म्हणून वाचले. मांडव रातोरात पुन्हा उभारला.

राहिली चाकं. त्यांचे नट त्यानं हातानंच घट्ट केले होते, चाक डुगडुगत होतं. मिस्त्रीनं पुरेसं आवळलं की वाजणारा पाना दिला आणि शेवटचं सांगितलं. "टक्क असा आवाज येईपर्यंत आवळ. आणि एका बाजूला जेवढं, दुसऱ्या बाजूला तेवढंच."

रविवारी गाडी अकराच्या अकरा गतिरोधकांवरून पोट घासत, पण सरळ आली. टायर फुटला नाही. मामा रुसला नाही. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग भटजींनी कानपिळीसाठी नवरीच्या भावाला बोलावलं. भावानं नवरदेवाचा कान नुसता चिमटीत धरायचा आणि मानाचा पोशाख घ्यायचा, एवढंच असतं. "पीळ रे कान," भटजी म्हणाले.

रंगरावानं आधी पाट सपाट आहे का ते पाहिलं. मग मामाला विनंती करून नवरदेवाच्या मांडीवर बसवलं. मान समजून मामा बसलाही. वजन आलं. मग रंगरावानं कान पिळला. आवाज येईना. आणखी पिळला. नवरदेव ओरडत होता, पण ओरडणं वेगळं आणि टक्क वेगळं. शेवटी मानेतून टक्क झालं. रंगरावानं लगेच दुसरा कान धरला. तेवढंच पिळलं.

नवरदेवाची मान डाव्या खांद्याकडे कलली. मामा उठून उभा राहिला. "चला रे. मोडलं लग्न. सप्तपदी व्हायचीय अजून."

रेवती भावाकडे बघत राहिली. रंगराव गोंधळला नाही. त्यानं खिशातून कोनमापक काढून नवरदेवाच्या मानेला लावला आणि वाचला.

"आबा, दीडच्या वर आहे. बुशानं भागणार नाही. पण काळजी नको, खोकं घरात आहेच."

तो घरात गेला. बाहेर आला तेव्हा एका हातात आर्म होते, दुसऱ्या हातात जॅक.

नवरदेवानं रेवतीचा हात धरला. मामाला ढकललं. सातही पावलं त्यानं पळत टाकली, भटजींचे मंत्र मागून येत राहिले, आणि आठव्या पावलाला तो बायकोसकट मांडवाबाहेर होता.

रंगरावानं एक डोळा मिटून त्यांच्याकडे पाहिलं आणि आर्म खाली ठेवले.

"नको आबा. पाव्हणे सरळ पळतायत."