पाहुण्यांचा निरोप

खूप जुन्या काळी, राजे घोड्यावर बसून गावोगाव फिरत आणि झाडाखाली बसून न्याय देत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही जरा कान द्यावा.

एका राज्याच्या सीमेवर, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. एका वर्षी दूरच्या किनाऱ्यावर समुद्र आत घुसला. घरं वाहून गेली, शेतं खारावली. तिथली माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत चालत या गावात आली. राजा दयाळू होता. त्याने त्यांना गावाच्या टोकाला जमीन दिली आणि दवंडी पिटवली, "या लोकांना कुणी परके म्हणू नये, उपरे म्हणू नये. आजपासून हे आपले पाहुणे."

सरकारी दप्तरात त्यांच्या नावापुढे 'पाहुणे' असा शब्द लिहिला गेला. सगळ्यांना राजाचं कौतुक वाटलं.

त्या लोकांत साळू नावाची मुलगी होती. ती बापाच्या खांद्यावर बसून आली, तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. किनारा तिला आठवतसुद्धा नव्हता. ती इथेच वाढली, इथेच तिचं लग्न झालं, इथेच मुलंबाळं झाली. त्या मुलांच्या नावापुढेही कारकुनाने 'पाहुणे' असंच लिहिलं.

बाप तिला सांगे, "पोरी, आपण पाहुणे. पानात पडेल ते गोड मानावं. घरच्यांच्या बोलण्यात पडू नये."

साळूने ते मनावर घेतलं. गावाची सभा भरली की ती मागे उभी राही. पाटाच्या पाण्याची शेवटची पाळी तिच्या वस्तीच्या वाट्याला येई, पण ती कधी बोलली नाही. अंगणात फणस लावावा असं तिला फार वाटे. पण फणस धरायला वर्षं लागतात, आणि पाहुण्याने इतकं पुढचं बघू नये, म्हणून ती आपली भेंडी आणि गवारच लावी. बाजारात कुणी प्रेमाने विचारी, "काय पाहुणे, बरं आहे ना?" ती हसून मान डोलवी, आणि घाईघाईने घरची वाट धरी.

एका माणसापुढे मात्र तिचा हा सोशिकपणा टिकत नसे. ती म्हणजे शेजारची गिरजाक्का. गिरजाक्काचं घराणं गावातलं जुनं. तिच्या कोंबड्या साळूच्या वाफ्यात शिरत आणि कोवळी रोपं उकरून टाकत. मग कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी अशी काही जुंपायची, की रस्त्याने जाणारे थांबून ऐकत.

साळूचे केस पांढरे झाले. जुना राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. पुढे पाऊस रुसला. धान्याची कोठारं रिकामी होऊ लागली, तशी राजाला काळजी लागली.

प्रधान म्हणाला, "महाराज, सीमेवरच्या त्या लोकांना येऊन फार वर्षं झाली. पाहुणा म्हटला की कधीतरी निघायचाच. आपण त्यांना मानाने निरोप देऊ."

राजा दुष्ट नव्हता. त्याला ते रीतसर वाटलं. निरोप थाटात व्हावा म्हणून त्याने पुरुषांसाठी शाली आणि बायकांच्या ओटीसाठी खण-नारळ मागवले. वाजंत्री सांगितली, सामानासाठी बैलगाड्या जुंपल्या, आणि राणीला घेऊन स्वतः गावात यायचं ठरवलं.

साळू घरातली भांडी बांधायला बसली, पण तिचे हात चालेनात. मुलगा म्हणाला, "आई, आपण नक्की कुठल्या गावचे?"



निरोपाच्या दिवशी सारा गाव वडाखाली जमला. वयाने मोठी म्हणून पहिलं नाव साळूचं पुकारलं. राणीसरकार खण-नारळ घेऊन पुढे झाल्या. साळूने पदर पसरला नाही.

"राणीसरकार, रागावू नका," ती म्हणाली. "ओटी भरली की पाहुणी आपल्या घरी जाते. माझं घर कुठल्या दिशेला आहे, तेवढं सांगा. मी आत्ता निघते."

सभेत ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती. पण ती मागे सरली नाही.

प्रधान म्हणाला, "बाई, तुमचं घर किनाऱ्यावर."

"तिथे आता समुद्र आहे. आणि नसता, तरी मी तिथे कुणाच्या दारात उभी राहू? तिथलं कोण मला ओळखतं?"

"पण राज्याने तुम्हाला इतकी वर्षं पाहुण्यासारखं सांभाळलं, हे विसरू नका."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गिरजाक्का पुढे आली.

"पाहुण्यासारखं कुणी सांभाळलं हो हिला?" ती म्हणाली. "महाराज, मी हिच्याशी उभा जन्म भांडले. पाहुण्याशी कुणी भांडतं का?"

लोक हसले. गिरजाक्का हसली नाही.

"माझे मालक गेले, तेव्हा माझी चूल थंड पडली होती. ही न विचारता आत शिरली, माझ्याच डब्यातलं पीठ काढून भाकऱ्या थापल्या, आणि मला दटावून जेवायला घातलं. पाहुणी दुसऱ्याच्या डब्यात हात घालते का? हिला निरोप द्यायचा, तर मलाही एक गाडी जुंपा. हिच्याशिवाय त्या कुंपणाशी उभी राहून मी करू काय?"

मग लोहार उठला. "माझा मुलगा डोहात उतरला, तेव्हा साळूमावशीनेच त्याला कान धरून घरी आणला," तो म्हणाला आणि साळूच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पाठोपाठ गावातला एकेक जण उठला. कुणी आपल्या सुइणीजवळ गेलं, कुणी आपल्या सोयऱ्याजवळ, कुणी बरोबर नांगर धरणाऱ्याजवळ. बघता बघता गावकरी कोण आणि पाहुणे कोण, हे राजाला ओळखू येईना.

राजा तरुण होता, पण समंजस होता. तो उठून उभा राहिला. "चूक माझीच झाली," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी मायेने ठेवलेला शब्द घेऊन मी तुम्हाला घराबाहेर काढायला निघालो होतो. कारकून, तो शब्द खोडा."

कारकुनाने शब्द खोडला आणि विचारलं, "महाराज, त्या जागी काय लिहू?"

राजाने साळूकडे पाहिलं. साळूने कारकुनाला विचारलं, "गिरजाक्काच्या नावापुढे काय लिहिलंय?"

"काही नाही. नाव आणि गाव, एवढंच."

"मग माझंही तेवढंच लिहा," साळू म्हणाली.

वाजंत्री वाजली. बैलगाड्या वळल्या आणि सामान घेऊन वस्तीकडे परतल्या. सारा गाव मिरवत मागे चालला. सगळ्यांच्या पुढे साळू ताठ मानेने चालली होती, आणि तिचं हसू काही केल्या लपत नव्हतं.

तो कठीण हंगाम सगळ्यांनी मिळून काढला. पुढच्या सभेत पाण्याच्या पाळीवरून साळू तावातावाने बोलली. काहींनी तिला तितक्याच जोराने विरोध केला, आणि शेवटी पाळ्या बदलल्या.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी दुसऱ्या एका मुलखातली दुष्काळाने उठलेली माणसं त्या राज्याच्या वेशीवर आली. त्यांना काय म्हणावं, याचा या वेळी कुणी विचार केला नाही. वेशीवरच्या माणसाने त्यांना पाणी दिलं, एकेकाचं नाव विचारलं आणि आत घेतलं.

तात्पर्य : शब्द कितीही गोड असला, तरी जो माणसाला जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवतो, तो शब्द परकाच.