खारट खीर आणि राजा वाढपी

“गाढव आणा!” राजा भानुजित गरजला. “या बाईची धिंड काढायची आहे!”

गाढव लगेच आले. त्याचा यात काहीच दोष नव्हता.

बाई म्हणजे हौसा, कुंभाराची लेक. थकलेले शिपाई आणि वाड्यातले म्हातारे चाकर यांच्यासाठी राजाने दोन घरे बांधली होती. पूर्वेचे घर हौसा सांभाळी, पश्चिमेचे अंताजीपंत. कुठे सेवा चांगली होते ते पाहायला राजाने सकाळी हुजऱ्या धाडला. पंतांच्या घरी एकही तक्रार निघाली नाही. हौसाच्या घरी मात्र बिचाऱ्या हुजऱ्याला घाम फुटला! भात फार मऊ, भात फार फडफडीत, उशी उंच, उशी बसकी. भिवाआजोबांची तर चंद्र उशिरा उगवतो अशी तक्रार!

“चंद्राचीही?” राजाने विचारले.

“त्यांना लवकर झोप येते, महाराज. चंद्र बघायचा राहून जातो.”

“पुरे! तुझं घर आजपासून बंद. तुझे म्हातारे पंतांकडे जातील. तिथे कोणी कुरकुरत नाही!”

गाढवाचे हौसाला फारसे वाटले नाही. बापाच्या मातीच्या गोणींवर बसून ती लहानपणी गावभर हिंडली होती. पण पंतांच्या खिडकीतली माणसे तिने येता-जाता पाहिली होती. ती खोकतसुद्धा भीत भीत.

“महाराज,” ती म्हणाली, “जिथे कुरकुर ऐकू येते, तेच घर चांगलं!”

सारा दरबार हसला. सर्वांत मोठ्याने पंत हसले.

“असं? मग सूर्य मावळायच्या आत दाखवून दे,” राजा म्हणाला. “पण एकाही म्हाताऱ्याला प्रश्न विचारायचा नाही. विचारलास तर गाढव तयार आहे!”

“चालेल. एक मोठं पातेलं, दूध, तांदूळ द्या. आणि वाढायला महाराज हवेत.”

“मी वाढू?”

“मी वाढलं तर पंत म्हणतील, हौसाने डोळ्यांनी खुणा केल्या.”

राजाला हे पटले. निदान पटल्यासारखे त्याने केले.

हौसाने खीर रांधली. वेलची घातली, केशर घातले, आणि साखरेऐवजी ओंजळभर मीठ घातले! मग पुढे हौसा आणि पातेले घेतलेला हुजऱ्या, मागे राजा, त्याच्यामागे पंत आणि सर्वांत शेवटी गाढव अशी वरात निघाली.

आधी पूर्वेचे घर. भिवाआजोबांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचे डोळे गरगरले.

“थू! ही खीर की समुद्र? कोण रे तू वाढपी?”

“मी राजा आहे!”

“मग राज्य कर की! पळी कशाला हातात घेतलीस?”

तुळसाआजींनी वाटी पालथी घातली. “हौसे, अगं कुठून धरून आणलंस याला? आणि तू रे, नुसता बघत काय उभा राहिलास? ते फडकं घे आणि सांडलंय ते पूस!”

राजाने पुसले. आजींचा आवाजच तसा होता.

बाहेर पडताच तो लालबुंद होऊन म्हणाला, “बघितलंस? खीरसुद्धा धड लागत नाही यांना!”

“अजून एक घर बाकी आहे, महाराज.”

पश्चिमेच्या घरी सगळे ओळीत ताठ बसले होते. पंत ओळीच्या टोकाला हाताची घडी घालून उभे राहिले. राजाने वाढले. सगळ्यांनी खीर तोंडात घेतली, पंतांकडे पाहिले आणि गिळली.

“अमृत, महाराज!”

“असं गोड जन्मात खाल्लं नाही!”

एका आजोबांच्या मिशा थरथरत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होते. “आनंदाचं आहे,” ते म्हणाले.

“ऐकलंस?” राजा ओरडला. “चढ गाढवावर!”

“चढते. पण पातेलं तेच आहे, खीरही तीच. आधी पळीभर चाखा.”

राजाने चाखली. त्याने तांब्याभर पाणी गटागटा संपवले. मग गाढवासाठी ठेवलेली बादलीही तोंडाला लावली.

“पंत,” तो धापा टाकत म्हणाला, “तुम्ही घ्या. कशी झाली आहे?”

पंतांनी एक घोट घेतला आणि ते पुरते अडकले. खारट म्हणावे, तर ही सगळी माणसे खोटे का बोलली?

“अप्र... अप्रतिम, महाराज!”

“मग आणखी घ्या!”

दुसऱ्या वाटीला पंतांना घाम फुटला. तिसऱ्या वाटीला त्यांनी राजाचे पाय धरले. “खारट आहे हो, महाराज! पाणी द्या!” आणि त्यांनी बादलीत डोके घातले.

तेवढ्यात ओळीच्या पार शेवटून एक बारीकसा आवाज आला. “मलासुद्धा... जराशी खारट लागली.”

बोलून आजी दचकली. पण पंतांचे डोके अजून बादलीतच होते.

“आणि पांघरूण पुरत नाही,” ती म्हणाली.

“रात्री हाका मारल्या तर कुणी येत नाही!”

“माझी काठी काढून घेतली, का तर मी फार हिंडतो!”

बघता बघता असा गलका उठला की गाढवसुद्धा ओरडायला लागले.

“आता यांची तब्येत सुधारायला लागली!” हौसा म्हणाली.

“तू तर एकही प्रश्न विचारला नाहीस,” राजा थक्क होऊन म्हणाला.

“विचारायचं कशाला? ऐकणारं कुणी असलं की माणूस चंद्राचीसुद्धा तक्रार करतो. आणि ज्याला बोलायची भीती, त्याला मीठही गोड लागतं!”

राजा पोट धरधरून हसला. “आजपासून दोन्ही घरं तुझी! आणखी काय हवं ते माग.”

“गाढव द्या, महाराज. भिवाआजोबांना टेकडीवर न्यायचं आहे. तिथून चंद्र जरा लवकर दिसतो.”

“दिलं!” राजा म्हणाला. मग त्याने पातेल्यात डोकावून पाहिले. तळाशी बरीच खीर उरली होती.

“झाकण ठेव रे यावर,” तो हुजऱ्याला म्हणाला. “उद्या भर दरबारात वाढायची आहे. आणि वाढणार मी!”