सगळ्या घरांतून धूर

ऐका. पोरांनी पुढे बसावं, थोरांनी मागे, आणि मागच्यांनी पेंगू नये, कारण ही गोष्ट पोरांपेक्षा थोरांनाच जास्त लागू आहे. फार जुन्या काळी, इतक्या जुन्या की तेव्हा राज्य कोणाचं होतं हे सांगणारंही आता कुणी उरलं नाही, पठारावर एक लहानसं बाजारगाव होतं.

गावात कासार होते, तांबट होते, विणकर होते. आठवड्याच्या बाजाराला आसपासची खेडी लोटायची. बायका पाणवठ्यावर एकमेकींची उणीदुणी काढायच्या आणि सणाला एकमेकींच्या घरी पुरणपोळीही पोचवायच्या. म्हणजे तुमच्याआमच्या गावासारखंच गाव. फार चांगलं नाही, फार वाईटही नाही.

पण एक गोष्ट तिथे होती, जी दुसरीकडे नव्हती. चावडीपुढच्या अंगणाखाली एक मोठं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, वर दगडी झाकण आणि त्यावर मातीचा लिंपा. सुगी झाली की प्रत्येक घर ऐपतीप्रमाणे त्यात ज्वारी ओतायचं. ती ज्वारी कुणा एकाची नव्हती, ती वाईट वर्षासाठी होती.

मग ते उघडायचं कधी? इथंच तर सगळी मेख आहे. गावाच्या वाडवडिलांना वाटलं, भुकेल्या माणसाला तोंड उघडून मागावं लागणं हे भुकेपेक्षाही वाईट. म्हणून त्यांनी नेम घालून दिला. पाटलानं रोज सकाळी देवळाच्या टेकडीवर चढावं आणि गावाकडे पाहावं. ज्या दिवशी एखाद्या घरातून चुलीचा धूर निघणार नाही, त्या दिवशी कुणाला काही विचारू नये, सरळ पेव उघडावं आणि सगळ्या घरांना वाटावं. किती शहाणी माणसं! किती मायेची! पण आपल्या नातवंडांची जीभ कशी असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मागे एकदा असंच वाईट वर्ष आलं होतं. तेव्हा एका विणकराच्या घरातून धूर निघाला नाही. नेमाप्रमाणे पेव उघडलं, गाव जगलं. खरं तर गावानं त्या विणकराचे पाय धरायला हवे होते की नाही? पण पोटं भरली आणि जिभा सुटल्या. त्या घराला नाव पडलं, 'थंड्या चुलीचे'. त्या घरची पोर पाणवठ्यावर आली की बायका डोळे मिचकावून म्हणायच्या, "आली बघ थंड्या चुलीची!" त्याच घरामुळे जगलेल्या बायका बरं का! विणकराच्या पोरींची लग्नं जमेनात. शेवटी बिचाऱ्यानं बिऱ्हाड उचललं आणि गाव सोडलं. गावानं त्यातून एवढंच शिकून घेतलं, की काही झालं तरी आपली चूल थंड दिसता कामा नये.

मग पुष्कळ वर्षांनी पुन्हा पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरंही कोरडंच गेलं. बाजार भरेना. तळ्याच्या तळाला भेगा पडल्या. बांगड्या कोण भरणार आणि तांब्याची भांडी कोण घेणार?

तांबट आळीत सुंद्रा नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा भांडी विकायला घाटाखाली गेला होता, तो परतलाच नव्हता. घरात ती आणि तिची लेक ठकी, एवढीच माणसं. ठकी मोठी गोड पोर. दुधाचे दात पडायचे होते अजून, पण बोलणं आजीबाईसारखं. सुंद्रानं आधी ज्वारी संपवली, मग कण्या, मग बियाण्याची मूठ. एके सकाळी तिनं मडकं पालथं केलं आणि त्यातून काहीच पडलं नाही.

त्या सकाळी सुंद्रानं चूल पेटवली नाही. ती चुलीपुढे बसून राहिली. मनात म्हणाली, 'काय व्हायचं ते होवो. पाटलाला दिसू दे. पोर तर जेवेल.'

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. शेजारची गोदाकाकू, कासारीण. "काय गं सुंद्रे, उठली नाहीस वाटतं अजून? धूर कसा दिसत नाही तुझ्या घरातून?"

झालं. सुंद्राच्या डोळ्यांपुढे त्या विणकराच्या पोरी उभ्या राहिल्या. उद्या ठकी पाणवठ्यावर जाईल आणि... ती घाईनं म्हणाली, "उठले हो काकू! लाकडं जरा ओली आहेत, पेटत नाहीत मेली."

ओली लाकडं! दोन वर्षं आभाळातून थेंब नाही आणि बाईची लाकडं ओली! पण गोदाकाकूनंही ते ऐकून घेतलं, आणि का ऐकून घेतलं ते पुढे कळेलच.

सुंद्रानं परड्यातल्या काटक्या गोळा केल्या, चूल पेटवली, वर नुसत्या पाण्याचं भांडं ठेवलं. एवढ्यानं भागेना. भिंतीपलीकडे कान असतात ना! तिनं भाकरी थापायची लाकडी काठवट पुढे ओढली आणि तिच्यावर रिकामे हात थापायला लागली. थप थप, थप थप. अंथरुणातून ठकी उठून बसली.

"आई, भाकरी झाली?"

"होतेय गं बाळा."

पोर टक लावून चुलीकडे बघत बसली. भाकरी काही झाली नाही. देवा, कुठल्या आईवर अशी वेळ आणू नकोस.

असं रोज चालू झालं. रोज धूर, रोज थापण्याचा आवाज. पलीकडूनही तसाच आवाज यायचा आणि सुंद्राला वाटायचं, काकूकडे बरं चाललंय. पाटील टेकडीवर चढायचा, गावभर नजर टाकायचा. सगळ्या घरांतून धूर. तो खाली येऊन चावडीवर सांगायचा, "देवाची कृपा! गाव तग धरून आहे. पेवाला हात लावायची वेळ अजून आली नाही." आणि ओट्यावर बसलेले लोक, ज्यांच्या पोटात दोन दोन दिवस अन्न नव्हतं, माना डोलवून म्हणायचे, "हो, हो, चाललंय बरं." घरात नाही दाणा अन् मला हवालदार म्हणा! ते बसले होते त्याच अंगणाखाली गावाला पुरून उरेल एवढी ज्वारी होती.

ठकीचं बोलणं कमी झालं. मग तिनं चालणं सोडलं. मग ती नुसती पडून राहायला लागली आणि भाकरीचं विचारेनाशी झाली. तेव्हा मात्र सुंद्राचा धीर सुटला. एका दिवेलागणीला तिनं पदराखाली वाटी घेतली आणि गोदाकाकूचं दार लोटलं.

"काकू, तुमच्या पाया पडते. मूठभर पीठ द्या. पोरीला पेज करून घालते."

गोदाकाकूनं सुंद्राचा हात धरला आणि तिला आत चुलीपाशी नेलं. चुलीवर पाण्याचं भांडं होतं. बाजूला काठवट होती, कोरडी ठणठणीत.

"म्हणजे तुम्हीसुद्धा?" सुंद्रा म्हणाली.

"तुझा आवाज ऐकायचे आणि मीही थापायचे," गोदाकाकू म्हणाली. "वाटायचं, हिच्याकडे आहे, मग माझ्याकडे नाही असं कसं दाखवू?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. खूप रडल्या. मग डोळे पुसून गोदाकाकू म्हणाली, "बास झालं हे सोंग. उद्या तूही चूल पेटवू नकोस, मीही पेटवत नाही. दोन घरं थंड दिसली की पाटील धावत येईल."

"वचन?"

"वचन. पोरीची शपथ."

इथंच गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगायलाही बसलो नसतो.

पहाट झाली. गोदाकाकूला जाग आली आणि तिला आपली लेक बनी दिसली. बनीची सुपारी फुटली होती. सासर चांगलं होतं, मोठं होतं. काकूच्या मनात आलं, 'नेमाला एक घर पुरे आहे. सुंद्रा पेटवणार नाहीच आहे. मग माझ्या बनीच्या कपाळी ते नाव कशाला?' आणि तिनं चूल पेटवली.

भिंतीअलीकडे सुंद्राही जागीच होती. तिच्या मनात आलं, 'उद्या नवरा परत येईल. वेशीवरच लोक सांगतील, थंड्या चुलीचा आला म्हणून. काकू वडीलधारी आहे, वचन मोडायची नाही. एक घर पुरे आहे की.' आणि तिनंही चूल पेटवली.

पाटील टेकडीवर चढला. त्यानं पाहिलं. सगळ्या घरांतून धूर. तो देवाला हात जोडून खाली उतरला.

उन्हं परड्यात उतरली तेव्हा सुंद्रानं ठकीला हाक मारली. ठकी उठली नाही. तिचा हात गार लागला.

सुंद्रानं हंबरडा फोडला, तशी गोदाकाकू धावत आली. तिनं पोरीकडे पाहिलं, मग धुमसत्या चुलीकडे पाहिलं. "अगं सुंद्रे, तू पेटवलीस? मला वाटलं तू नाही पेटवणार."

"मलाही तसंच वाटलं काकू," सुंद्रा म्हणाली.

पोरीला माती देऊन लोक परतले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शेजारपाजारचे पिठलंभाकरी आणून देतात, बळेबळे घास भरवतात. त्या गावातही हीच रीत होती. पाटील सुंद्राच्या ओट्यावर बसून होता. आळीतल्या सगळ्या बायका तिथे जमल्या होत्या, पण एकीच्याही हातात काही नव्हतं. दिवस कलायला लागला.

पाटील चिडला. "अरे, काय माणसं आहात की कोण? लेकरू गेलंय हिचं! आळीतून एक भाकरी निघत नाही?"

कुणी वर पाहिना. पाटलानं आपल्या बायकोकडे पाहिलं. "जा, तू आपल्या घरून घेऊन ये."

पाटलीण जागची हलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अगं, ऐकू आलं नाही का? भाकरी आण म्हणतोय."

"काय आणू?" पाटलीण हळूच म्हणाली. "सकाळी तुमच्या ताटात वाढली ती शेवटची होती. माझ्या ताटात कधीची नाही."

"पण आपल्या घरातून धूर निघतो रोज!"

"सगळ्यांच्याच घरातून निघतो," ती म्हणाली. तेव्हा एकेक बाई रडायला लागली आणि पाटलाला सगळं कळलं. तो धावतच चावडीकडे गेला. त्यानं स्वतः कुदळ घेतली, लिंपा फोडला, माणसं लावून दगड सरकवला. आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत लोक काठावर उभे होते. मग दिवा सोडला, माणूस उतरला, आणि पहिली टोपली वर आली. ज्वारी होती. पांढरीशुभ्र, जशी ओतली तशी. एका दाण्याला कीड नव्हती.

पाटलानं पहिलं सूप भरलं आणि स्वतः सुंद्राच्या दारात नेऊन ठेवलं. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती.

"पाटील," ती म्हणाली, "सकाळी का नाही हो आलात?"

पाटलाची मान खाली गेली. "सकाळी तुझ्या घरातून धूर होता, पोरी."

"होता," सुंद्रा म्हणाली. "मीच काढला होता."

त्या संध्याकाळी गावानं भाकरी खाल्ली, पण एकाच्याही घशाखाली घास सुखानं उतरला नाही. एकदा एक बोलल्यावर मग सगळेच बोलले. कुणाची म्हातारी गेली होती, कुणाचं तान्हं गेलं होतं. 'तापानं गेली', 'दात येताना गेलं', असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं होतं आणि सुतकातही चूल पेटती ठेवली होती. शेजाऱ्यांनीही आपल्या घरी तेच केलं होतं. बनीचं लग्न ठरल्याप्रमाणे लागलं, पण गोदाकाकू मांडवात उभी राहिली नाही. सुंद्राच्या दारातलं सूप पाखरांनी वेचून संपवलं. पुढे चांगला पाऊस पडला, पेव पुन्हा भरलं, आणि गावानं नेम बदलला. आता पाटील टेकडीवर चढत नाही, घरोघर जाऊन मडकी बघतो. ज्यांच्यासाठी बदलायला हवा होता, त्यांना आता त्याचा काय उपयोग?

तेव्हा बाळांनो, आणि मागे बसलेल्या थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: भूक झाकली म्हणून अब्रू वाचत नाही, माणूस मात्र जातो.