पाच घरांत न मावलेलं गाव

हिवरगाव खुर्दचं पाटाचं पाणी बंद झालं ते दुष्काळामुळे नव्हे, दप्तरामुळे. दिवाण त्र्यंबकपंतांनी राज्याची नवी वही आखली होती. प्रत्येक नावाला पाच घरं, एका घरात एक अक्षर, उरलेलं छाटायचं. पान मोठं देखणं दिसत होतं. फक्त हिवरगाव बुद्रुक आणि हिवरगाव खुर्द, दोन्हींचं झालं नुसतं ‘हिवरगाव’. वहीत गाव एक, म्हणून पाण्याची पाळीही एक. ती वरच्या अंगाच्या बुद्रुकाने घेतली आणि खुर्दातले पानमळे सुकू लागले. गावाने अर्ज केला. उत्तर आलं, असं गाव दप्तरी नाही, सबब अर्ज कोणी केला ते समजत नाही.

तेव्हा पानमळेकरी हैबतीची लेक साळू थेट दरबारात जाऊन उभी राहिली. राजा रणधवल हट्टी. त्याने बजावलं, घर वाढवायचं नाही, अक्षर बदलायचं नाही. एवढं सांभाळून दोन्ही गावं वेगळी दाखव, नाहीतर खुर्द उठवून बुद्रुकात घालू.

साळूने सरदारांचं पान वाचायला सांगितलं. पंतांनी घसा साफ केला.

“राजमान्य रा. राजमान्य रा. राजमान्य रा...”

‘राजमान्य राजेश्री’ लिहितानाच घरं संपली होती. तीस सरदार, आणि नाव एकाचंही नाही.

“सरकार, आज स्वारीत हत्तीचा मान आपल्या मेहुण्यांचा ना? यातले मेहुणे कोणते?”

राजाने पंतांकडे पाहिलं, पंतांनी वहीकडे. तीसही सरदार उठून उभे राहिले.

“कात्री शेवटाला लागते, सरकार,” साळू म्हणाली. “मग ज्यावरून ओळख पटते ते आधी लिहा. नाहीतरी आमच्याकडे हिवरगाव कोण म्हणतं? खुर्द आणि बुद्रुकच म्हणतात. ‘खुर्द हिवर’, ‘बुद्रुक हिव’. झाली पाच घरं. सरदारांचंही तसंच. नाव आधी, मान मागे.”

“आणि मान बाहेर राहिला तर?” पंत कडाडले.

“आठ दिवस बाहेर राहिला म्हणून मान मरत नाही, पंत. पानमळा मरतो.”

राजा मांडीवर थाप मारून हसला. खुर्दाची पाळी त्याच दिवशी सुटली.

“आणि हत्तीवर आज हीच बसेल,” तो म्हणाला. “साऱ्या दरबारात मानासकट वहीत पुरतं मावेल असं नाव हिचंच दिसतंय!”