पहिला मान

फार जुनी गोष्ट, म्हणजे दोन अपडेटआधीची. भाजीच्या एका ॲपमध्ये तीन स्क्रीन राहायच्या: भाजी, सेटिंग आणि 'आमच्याविषयी'. मोबाइलवरचा ॲपचा आयकॉन दाबला की आधी कोणी समोर यायचं, हे मॅनिफेस्ट नावाची फाइल ठरवायची. तो मान भाजीचा होता.

"रोज हीच का पुढे?" सेटिंग कडाडली. 'आमच्याविषयी' तर रुसूनच बसली. तिला कधी कोणी उघडलंच नव्हतं.

वैतागून मॅनिफेस्टने तिघींनाही पहिला मान देऊन टाकला.

सकाळी भाजी मागवायला शकूमावशींनी मोबाइल हातात घेतला, तर एकाच ॲपचे तीन आयकॉन! त्यांनी एक दाबला, तशी 'आमच्याविषयी' कंपनीचा इतिहास सांगू लागली.

"अगं बाई, व्हायरस शिरला!" म्हणत मावशींनी ॲपच काढून टाकलं आणि पिशवी घेऊन मंडई गाठली.

पुसली जाता जाता 'आमच्याविषयी' बाकीच्या दोघींना म्हणाली, "पण आधी मलाच उघडलं हं!"