समुद्राचा वाटा

एका राज्यात भरती येईनाशी झाली होती. ओहोटी लागली ती लागलीच. पाणी मागे सरत सरत क्षितिजाशी जाऊन बसले आणि बंदरात उरला नुसता चिखल. होड्या कुशीवर कलंडल्या, विहिरी खारट झाल्या, पोरेबाळे सुकत चालली. आणि दूर, जिथून पाणी सुरू होई तिथे, धुक्यात एक जहाज उभे होते. ते बुडतही नव्हते आणि परतही येत नव्हते. त्यावरची माणसे मरत नव्हती आणि धड जगतही नव्हती.

त्या जहाजाचे नाव महामकरी. आधीच्या राजाच्या अमदानीत नागोजी मेस्त्रीने ते बांधले होते. सागवानी, दोन डोलकाठ्यांचे, दोन्ही कुशींना तोफा. त्या जहाजाने इतक्या लढाया मारल्या की पुढे पुढे शत्रू नुसती शिडे पाहूनच माघारी वळत.

त्या किनाऱ्यावरच्या मेस्त्रींची एक रीत होती. जहाज पुरे झाले की मागच्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, एक भोक पाडायचे आणि ते बुजवायचे नाही. त्याला म्हणत समुद्राचा वाटा. लाटेचे चार थेंब आत यावेत, जहाजात आपलेही काही आहे असे समुद्राला वाटावे, म्हणजे तो सगळे जहाज मागत नाही. महामकरीलाही तसे भोक होते, आणि म्हणूनच ती दर खेपेला घरी येई.

मग मणिधर राजा गादीवर बसला. वय कोवळे, मुकुट कोरा आणि भोवती सगळे होयबा. त्याने महामकरी पाहिली, भोक पाहिले, आणि ते त्याला आपल्याच अब्रूला पडलेले वाटले. मुकुटातून उरलेल्या सोन्याचा त्याने खिळा घडवला आणि नागोजीला म्हणाला, ठोक. नागोजीने हातोडी खाली ठेवली. ती उचलली त्याच्या मुलाने, हैबतने. हैबतचे नुकतेच लग्न झाले होते, बायको सगुणा गर्दीत उभी होती, आणि त्या वयात चारचौघांत काहीतरी करून दाखवावेसे वाटतेच. तीन घावांत त्याने खिळा बसवला. राजाने त्याची पाठ थोपटली आणि त्याला जहाजावरचा मेस्त्री नेमले. महामकरी पुढच्या मोहिमेवर निघाली, आणि त्याच मोहिमेत धुके आले.

मिठागरांच्या पलीकडे लवणनाथ नावाचा मांत्रिक राही. त्याचे खोपट मिठाचे होते. पाऊस पडला की ते विरघळे आणि तो दुसरे बांधी. नागोजी चिखल तुडवत त्याच्याकडे गेला. मांत्रिकाने त्याला पाणी दिले नाही, कारण त्याच्याकडेही गोडे पाणी नव्हते.

"महामकरी पुन्हा बांध," लवणनाथ म्हणाला. "कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, एवढीच. मोठीत जे आहे ते सगळे धाकटीत हवे. फळी, दोर, तोफ. चूकसुद्धा. मग धाकटीत जे घडेल ते मोठीत घडेल."

त्यासाठी तीन वस्तू हव्या होत्या. ज्या सागातून मोठीचा कणा निघाला त्याच सागाचे लाकूड. वाट पाहणाऱ्यांच्या केसांचे दोर. आणि त्याच सोन्याचा खिळा.

नागोजी रानात गेला. सागाचा बुंधा अजून होता. बुंध्याने विचारले, "उरलेलेही नेणार?" नागोजी हो म्हणाला. "मग नीट बांध," एवढेच बोलून बुंधा गप्प झाला, आणि त्या झाडाला पुन्हा कधी धुमारा फुटला नाही.

केसांसाठी बंदरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सर्वांच्या पुढे सगुणा होती. सवाष्णीने केस कापणे म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होते. तरी तिने वेणी मानेपाशी धरली, कात्री लावली आणि वेणी सासऱ्याच्या हातात दिली. बाकीच्या बायकांनी एकेक बट दिली. सगुणेने मागे काही ठेवले नाही.

सोने आणायला कुणाला जावे लागले नाही. मणिधर राजा स्वतःच चिखलातून चालत नागोजीच्या मांडवात आला आणि मुकुटाची एक पाकळी मोडून त्याने दिली. मुकुट मग डोक्यावर तिरका बसू लागला. त्यावर कुणी हसले नाही. हसायचे बळ कुणाच्या अंगात होते! राजा रडला. आधी विचारले असते तर रडावे लागले नसते, पण राजांना हे उशिरा कळते.

नागोजीने काम मांडले. आधी कणा, मग त्याला दोन्ही अंगांनी बरगड्या, वाफेवर वाकवलेल्या. मग पानाएवढ्या पातळ फळ्या, एकीला एक भिडवलेल्या, मधल्या फटींत काथ्याचा एकेक धागा. तोफा लवंगेएवढ्या. दोर ओवायच्या कप्प्या मोहरीएवढ्या, आणि प्रत्येकीला सुईच्या टोकाने पाडलेले भोक. सगुणा शेजारी बसून केसांचे दोर वळी.

रोज सांजेला धुक्याकडून एक कुरव पक्षी येई, आढ्यावर बसे आणि बोले. आज तळाची गळती थांबली. आज मोडलेली डोलकाठी उभी राहिली. शेवटी तो हैबतचा निरोप सांगे. एकदा म्हणाला, "हैबत सांगतो, डाव्या कुशीची पुढची तोफ मुळातच वाकडी आहे. बाबांनी ती सरळ करू नये." त्या दिवशी सगुणा हसली होती. नागोजीने वाकडी तोफ बसवली आणि डोळे पुसले.

अखेर भोक पाडून बुजवायची वेळ आली. ज्या माणसाने एकदा हातोडी खाली ठेवली होती, त्यालाच आता ती उचलावी लागली. तीन घाव घालून नागोजीने सोन्याचा खिळा बसवला आणि पुढचे विचारायला तो मिठागरापलीकडे गेला.

"आता खिळा उपटून काढ," लवणनाथ म्हणाला. "भरती येईल. जहाजही येईल. पण वाटा तुंबला आहे, आता थेंबांवर भागणार नाही. ज्या हाताने भोक बुजवले तो हात समुद्र घेईल, आणि हातामागचा माणूस."

नागोजीने मांत्रिकाचे पाय धरले. तो म्हणाला, "धाकटीतला खिळा मी ठोकला आहे. मला घ्यायला सांगा."

"तू जहाजाच्या बाहेर आहेस. समुद्र बाहेरच्याला धरत नाही."

"आणि काढलाच नाही तर?"

"तर सगळे आहेत तिथे राहतील. आहेत तसे."

नागोजी परत आला आणि त्याने लोकांना सांगितले की थोडे काम बाकी आहे. मग तो ते थोडे काम करत बसला, आणि सगुणा पुढच्या डोलकाठीचे दोर वळत बसली. पाण्याच्या पिंपांना केसाएवढ्या पट्ट्या मारल्या. भटारखान्यात चूल केली, चुलीवर तवा ठेवला. तांडेलाच्या खोलीत पानाचा डबा केला, डब्याला कडी केली, कडी उघडमीट होईना म्हणून ती मोडून दुसरी केली. लोक येऊन पाहत आणि थक्क होत. असे काम कुणी पाहिले नव्हते, आणि ते भीतीने केलेले आहे हे कुणाला कळले नाही.

तिकडे खाऱ्या पाण्याने माणसे आजारी पडत होती. बायका दारात येत, काही न विचारता उभ्या राहत आणि निघून जात. नागोजी वाईट माणूस नव्हता. त्यांची तोंडे त्याला दिसत होती. पण सांजेला कुरव येई आणि मुलाचे दोन शब्द आणी, आणि त्या दोन शब्दांवर म्हाताऱ्याचा जीव टांगलेला होता. खिळा निघाला की ते शब्द येणार नव्हते. म्हणून तो नवी कडी घासत राही.

मग निरोप बदलले. हैबत विचारू लागला, आता काय उरले? नागोजी म्हणे, कंदिलाची वात. दुसऱ्या सांजेला पुन्हा तेच, आता काय उरले? आणि एका सांजेला कुरव आढ्यावर न बसता खाली आला, सगुणेच्या समोर.

"हैबत सांगतो, बाबा, मला सगळे कळले आहे. इथे भूक लागत नाही, झोप येत नाही. शेजारचा माणूस कालचेच वाक्य आजही बोलतो. ह्यांना घरी जाऊ द्या."

लवणनाथाचे बोलणे ऐकून त्याला कुरवानेच सांगितले होते. पक्ष्यांच्या पोटात काही राहत नाही.

सगुणेने सगळे विचारून घेतले. नागोजीने काही लपवले नाही. दोर वळायला तिने पुढच्या डोलकाठीला हात घातला त्याच्या आधीपासून त्याला ठाऊक होते, हेही त्याने सांगितले. तेव्हा मात्र ती संतापली. आपण एकेक गाठ मारताना नवरा जवळ येतो आहे असे मोजत होतो, आणि तुम्ही ते बसून पाहिलेत, असे ती म्हणाली. नागोजी मान खाली घालून बसला. 

"मामंजी, खिळा काढा," ती म्हणाली. "नाही काढलात तर ह्या दारातल्या बायकांना मी तोंड कसे दाखवू?"

नागोजीने चिमटा घेतला. पण खिळा चांगल्या मेस्त्रीने ठोकलेला होता. तो सहज निघेना. एक हिसका दिला, खिळा हलला. दुसरा दिला, अर्धा वर आला. तिसऱ्याला नागोजीचा हात उचलेना. म्हातारा मोठ्याने रडू लागला, पोरासारखा, सगळ्यांदेखत. तेव्हा सगुणा उठली, तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून ओढले.

बाहेर पाण्याचा आवाज झाला. चिखलावरून भरती आली, होड्या उभ्या राहिल्या, धुके फाटले आणि महामकरी बंदराला लागली. माणसे उतरली, बायका धावल्या, पोरे बापांच्या गळ्यांत पडली. नागोजी आणि सगुणा मांडवातच उभी होती. म्हातारा तांडेल त्यांच्याकडे चालत आला आणि नागोजीने त्याला एकच गोष्ट विचारली.

"घाबरला होता का?"

"हो," तांडेल म्हणाला. "आम्हाला तोंडे फिरवायला सांगितली त्याने. खिळ्याला दोन हिसके बसल्याचे ऐकले. मग हैबतचा हात थांबला. आम्हाला वाटले, आता होत नाही त्याच्याने. तेवढ्यात तो म्हणाला, हा सगुणेचा हात. आणि तिसरा हिसका बसला."

सगुणा खाली बसली.

विहिरी गोड झाल्या, जाळी भरू लागली. राजाने फर्मान काढले की राज्यातल्या कुठल्याही जहाजाचा वाटा कुणी बुजवू नये, राजानेसुद्धा. राज्य सुखी झाले, असे म्हणून कहाणी मिटवायची असते, आणि ते झालेही. धाकटी महामकरी सगुणेच्या घरी कोनाड्यात आहे. दर भरतीला तिच्या भोकातून खाऱ्या पाण्याचा एक थेंब येतो, आणि सगुणा तो कुणाला पुसू देत नाही.